गणेशवेल कुठून आली?

आमच्या रेवसच्या घरापुढे एक मांडव आहे. चार लोखंडी पाइप, वर आडवेउभे बांबू आणि त्यावर ताणलेलं मासेमारीचं जुनं जाळं. कोळ्यांच्या शेजारात राहणाऱ्याला जाळ्याचा काय तोटा! त्या मांडवावर आणि लगतच्या कुंपणावर आज जे जे चढलेलं आहे, त्याची मी परवा वहीत यादी केली. जुई, गोकर्ण, मधुमालती, कृष्णकमळ, गणेशवेल, संक्रांतवेल, बोगनवेल आणि खांबाला रेलून वर गेलेला सासूबाईंचा गुलाब. आठ नावं झाली. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे यादी केली की तिच्यापुढे रकाना आखल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून रकाना आखला आणि वर लिहिलं, "मूळ गाव".

यादीला निमित्त झालं आमच्या पुतण्याचं. घरातल्यांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. करंजा-रेवस पुलाचं काम सुरू झाल्यापासून आमच्याकडे जमिनीच्या गोष्टींना भलताच जोर आला आहे. आमच्याही घराची वाटणी झाली. पुढचं अंगण पुतण्याच्या वाट्याला गेलं. रीतसर झालं, गोडीत झालं, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. दिवाळीनंतर तिथे नवं बांधकाम होईल आणि मांडव निघेल. पुतण्या झाडांवर प्रेम करणारा आहे. मला म्हणाला, "काकू, नव्या घरापुढची बाग तुमच्याच सल्ल्याने करायची. फक्त एक अट आहे. सगळं देशी हवं. परदेशी झाड एकही नको."

मी विचारलं, "मग यातलं काय ठेवायचं?"

तो म्हणाला, "गणेशवेल, कृष्णकमळ, संक्रांतवेल राहू दे. ती आपलीच आहेत. बोगनवेल आणि गुलाब काढून टाकू."

झालं! इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

मंडळी, गणेशवेल तुम्ही पाहिलीच असेल. सुतासारखी बारीक, पिसासारखी पानं आणि लालचुटूक, पाच टोकांची चांदणी. पहिल्या पावसाबरोबर आपोआप रुजते आणि गणपतीच्या सुमारास फुलू लागते. आमच्या शेजारची कोळीण तिला "गनपतीची वेल" म्हणते आणि तिच्या घरच्या गणपतीला रोज ओंजळभर फुलं घेऊन जाते. हिच्याइतकी घरची वेल दुसरी कोणती असणार? पण ही गणेशवेल आहे मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, मेक्सिकोच्या बाजूची. तिची ती लांब लाल नळी मुळात हमिंगबर्डसाठी आहे, आणि हमिंगबर्ड हा पक्षी अमेरिका खंडांबाहेर कुठेच राहत नाही. आमच्याकडे त्या नळीत चोच घालायला शिंजीर येतो. त्याला अर्थातच या भानगडीचा पत्ता नाही.

संक्रांतवेल घ्या. पौषातल्या थंडीत केशरी फुलांचे घोसच्या घोस लोंबतात, अख्खं कुंपण पेटल्यासारखं दिसतं. ऐन संक्रांतीला फुलते म्हणून संक्रांतवेल. हिचं माहेर ब्राझील आणि त्याच्या आसपासचे देश.

आणि कृष्णकमळ! आजीने आपल्याला फूल हातात धरून शिकवलेलं असतं. हे बघ, बाहेरचे शंभर धागे म्हणजे कौरव, त्यावर पाच पांडव आणि मधोमध ब्रह्मा, विष्णू, महेश. मीही माझ्या नातवंडांना असंच शिकवलं. हे फूलसुद्धा अमेरिकेतलंच. गंमत अशी की तिकडे गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी याच फुलात येशूच्या क्रूसावरच्या यातना पाहिल्या. धाग्यांचं वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन म्हणजे तीन खिळे. १६१० च्या सुमारास रोममधल्या जाकोमो बोसियो नावाच्या लेखकाने हा अर्थ आपल्या ग्रंथात घातला आणि युरोपभर त्या फुलाला यातनेचं फूल हेच नाव पडलं. फूल तेच, पाच तेच, तीन तेच. त्यांना त्यात बायबल दिसलं, आपल्याला महाभारत.

म्हणजे पुतण्याने "आपली" म्हणून ठेवलेल्या तिन्ही वेली अमेरिकेतल्या निघाल्या! वर बोगनवेल धरली तर आठांपैकी चार. मधुमालतीचं मोठं नांदतं घर आग्नेय आशियात, इंग्रजीत तिला रंगूनची वेल म्हणतात. गोकर्ण आपल्याकडे फार जुनी, आयुर्वेदात ती अपराजिता, पण तिच्या शास्त्रीय नावात मात्र इंडोनेशियातलं तेर्नाते बेट जाऊन बसलं आहे. गुलाबाचं पुढे सांगतेच. आठांत निर्विवादपणे इथलीच म्हणावी अशी एक जुई.

आता कुणी म्हणेल, वेलींचं सोडा, निदान देवाची फुलं तरी आपली असतील. तर दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. तिथले लोक मृतांच्या सणाला आजही त्याच झेंडूने घरं सजवतात. निशिगंध मेक्सिकोचा. देवळाच्या आवारातला खुरचाफा मध्य अमेरिकेकडचा. गुलबक्षीही अमेरिकेचीच. १४९२ साली कोलंबस पलीकडे पोचला नसता तर आपल्या दसऱ्याला दाराला नुसतीच आंब्याची पानं लागली असती!

हे सगळं आलं कसं? आम्हा अष्टागरातल्या लोकांना हा प्रश्न पडायलाच हवा, कारण आमचं तोंडच समुद्राकडे आहे. रेवसहून चाळीसेक किलोमीटरवर चौल-रेवदंडा. चौल हे प्राचीन बंदर. रेवदंड्याला पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं आणि १७४० मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत ते तिथे होते. पोर्तुगीजांचं राज्य एका हाताला ब्राझीलमध्ये आणि दुसऱ्या हाताला गोव्यात. त्यांच्या जहाजांच्या वाटेने मिरची, काजू, अननस, पपई, पेरू इकडे आले हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. पण पाठ्यपुस्तकात फुलांना जागा नसते. फुलांवर जकात नव्हती, त्यामुळे दफ्तरातही त्यांना फारशी जागा मिळाली नाही.

पोर्तुगीजांच्या काळात जे आलं ते मुख्यतः बियांनी किंवा कंदांनी येण्यासारखं. वेलीचं जिवंत रोप समुद्रातून आणणं फार अवघड काम होतं. डेकवर ठेवलं तर खारा तुषार बसून पानं करपणार, खाली कोठीत ठेवलं तर उजेड नाही, आणि गोडं पाणी तर माणसांनाच मोजून मिळायचं. यातून वाट काढली लंडनच्या नॅथनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने. सुमारे १८२९ साली त्यांच्या लक्षात आलं की बंद काचेच्या बरणीत रोप तग धरतं. पानांतून निघालेली वाफ काचेवर जमते आणि पाणी होऊन परत मातीत जाते. त्यांनी काचेच्या घट्ट पेट्या केल्या आणि १८३३ मध्ये त्यांतून रोपं थेट ऑस्ट्रेलियाला पाठवली. ती जगली! पुढे १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली ती अशाच पेट्यांमधून. चहाचा इतिहास सगळ्यांना माहीत असतो, पण त्या पेटीने दिवाणखान्यापुढच्या वेलींचाही नकाशा बदलून टाकला.

आपल्या बाजूला ही रोपं उतरवून घेणाऱ्या संस्था त्याच सुमारास उभ्या राहत होत्या. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यान संस्था १८३० ची. पुण्याची एम्प्रेस गार्डन आजही तीच संस्था सांभाळते. मुंबईत शिवडीला या संस्थेची बाग होती. पुढे ती जागा दफनभूमीला गेली आणि भायखळ्याला राणीची बाग झाली, १८६२ मध्ये ती लोकांना खुली झाली. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिथले प्रमुख होते. तिथल्या झाडांची सुरेख चित्रं १८४७ ते १८५० या काळात काढून घेतली गेली, ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकार मात्र इथला, आणि त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि परिसरातल्या झाडांची यादी केली. १८३९ मध्ये ती छापून होत असतानाच ते खंडाळ्याला वारले आणि जोसेफ निम्मो या मित्राने ती पुरी केली. त्या यादीत रानातल्या झाडांबरोबर बागांतली आणलेली झाडंही आहेत. दोनशे वर्षांपूर्वीही कुणीतरी माझ्यासारखा रकाना आखत बसला होता म्हणायचा!

बोगनवेलीची गोष्ट तर कादंबरीसारखी आहे. बूगँव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्याबरोबर कॉमर्सन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १७६७ मध्ये रिओ द जानेरोजवळ त्यांना ही झळझळीत वेल मिळाली. त्यांचा मदतनीस म्हणून जहाजावर असलेला तरुण प्रत्यक्षात जान बारे नावाची स्त्री होती. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना मज्जाव, म्हणून पुरुषवेषात आलेली. पुढे ती पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. वेलीला नाव मिळालं कप्तानाचं. जाता जाता सांगते, बोगनवेलीचा जो रंग आपल्याला दिसतो तो फुलाचा नाहीच. त्या रंगीत पानांच्या आत जी इवलीशी पांढरट नळी असते ते खरं फूल. मुलांना वर्गात हे उलगडून दाखवलं की डोळे कसे मोठे व्हायचे!

आता गुलाब. याच्याविषयी पुतण्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. 'गुलाब' हा शब्दच फारसी, गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे मुळात गुलाब हे गुलाबपाण्याचं नाव! आपण पाण्याचं नाव फुलाला देऊन टाकलं. बाबराच्या तीन मुलींची नावं गुलरंग, गुलचेहरा आणि गुलबदन. त्यातल्या गुलबदनने पुढे हुमायूनचा इतिहास लिहिला. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत असताना वर आलेला तेलाचा तवंग तिने वेगळा काढला आणि त्यातून गुलाबाचं अत्तर झालं, अशी नोंद खुद्द जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. तिथून ते अत्तर-गुलाब पेशवाईच्या दरबारात आलं, आणि दरबारातून आपल्या लग्नाच्या मांडवात. आमच्या लग्नात दारात गुलाबदाणी घेऊन कोण उभं राहणार यावरून मावशी आणि आत्या यांच्यात चांगलीच जुंपली होती, ते असो.

पण एवढ्यावर गुलाबाला परका ठरवणं बरोबर नाही. हिमालयात पांढऱ्या फुलांचा वेली गुलाब रानोमाळ आहे. बंगालच्या पाणथळ भागात उगवणारा एक रानगुलाब आहे, उष्ण दमट हवेत पाय ओले ठेवून जगणारा. मणिपूरच्या डोंगरात तर मोठमोठ्या झाडांवर चढणारा प्रचंड वेली गुलाब आहे. जॉर्ज वॉट यांनी तो १८८२ मध्ये पाहिला. रोझा जायगँटिया, म्हणजे राक्षसी गुलाब, असं त्याचं शास्त्रीय नाव. चहासारख्या वासाचे जे 'टी' गुलाब युरोपात एवढे गाजले, त्यांच्या रक्तात हा गुलाब आहे. आज फुलवाल्याकडे मिळणारा प्रत्येक लांब दांड्याचा गुलाब त्याचा दूरचा वंशज. चिनी गुलाब कँटनहून युरोपला गेले तेसुद्धा कलकत्त्याच्या कंपनी बागेत मुक्काम करून. म्हणून युरोपात त्यांना कितीतरी वर्षं बंगालचे गुलाब म्हणत!

आमच्या मांडवाला रेललेला सासूबाईंचा गुलाब हा कलमी नाही. फुलबाजारात याला एडवर्ड म्हणतात. गुलाबी, गच्च पाकळ्यांचा, दिवसभरात कोमेजणारा, पण वास असा की ओटीवर बसलेल्या माणसाला कळतं. इंग्लंडच्या एडवर्ड राजाशी याचा काही संबंध नाही बरं का. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं बेट आहे. फ्रेंच लोक तेव्हा त्याला बूर्बों म्हणत. तिथे शेताच्या कुंपणाला दोन जातींचे गुलाब लावत, एक दमास्कसचा सुवासिक आणि एक चीनचा बारमाही. १८१७ ते १८२० च्या सुमारास त्या कुंपणात एक वेगळंच रोप आढळलं, दोघांचा संकर. वास एकाचा, फुलण्याचा उत्साह दुसऱ्याचा. ब्रेओं नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं बी फ्रान्सला पाठवलं. ज्याच्या आवारात ते सापडलं त्याचं नाव एदुआर. त्या एदुआरचा आपल्याकडे एडवर्ड झाला आणि तो गुलकंदाला, हारांना आणि देवपूजेला लागला. दमास्कस आणि चीन, दोघांची भेट झाली महासागरातल्या बेटावर आणि संसार थाटला आमच्या अंगणात!

सासूबाईंनी हा आणला गिरगावातल्या एका चाळीतून, तिथल्या गॅलरीतल्या डालडाच्या डब्यातली काडी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने, ओल्या फडक्यात गुंडाळून. काडी पावसाळ्यात लवकर धरते हे त्यांना माहीत होतं. पण पावसाळ्यात त्या स्वतः कधी लाँचने गेल्या नाहीत आणि कुणाला काही आणायलाही सांगितलं नाही. आमच्या भागातल्या लोकांना कारण सांगायला नको. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. सासूबाईंच्या नात्यातली दोन माणसं त्या बोटीवर होती. म्हणून गुलाबाची काडी आली ती मार्गशीर्षात. आमच्या घरी सांगायचे की सासूबाईंनी पहिला उन्हाळा तिच्यावर सुपाची सावली धरून काढला.

खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात गुलाब टिकवणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. आमच्या ह्यांनी हौसेने पुण्याहून पाच-सहा वेळा डोळा भरलेली कलमं आणली. मोठाली फुलं, मखमली रंग. पहिला हिवाळा बहार. मग आषाढात पानांवर काळे ठिपके, पानगळ, शेंडे वाळणं. नंतर खालून जोमदार फुटवा येतो आणि आपल्याला वाटतं, वाचला! ते असतं खुंटाचं. कलमी गुलाबाचं मूळ एका रानटी जातीचं आणि वरचा डोळा दुसऱ्याचा. डोळा मेला की खुंट एकटा वाढतो आणि फूल येतं भलतंच. एडवर्डचं तसं नाही. तो स्वतःच्या मुळावर उभा आहे. करपला तरी जमिनीतून जो फुटेल तो तोच असतो. पाऊस ओसरला की छाटायचा, बुडाशी शेणखत आणि राख द्यायची, आणि पाणी साचू द्यायचं नाही, एवढंच त्याचं मागणं.

गुलाबाला देशी करून घेण्याचे प्रयत्न मोठ्या माणसांनीही केले. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ. १९५० मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक, १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. तांबेऱ्याला तोंड देणारा गहू करणारा हा माणूस उरलेल्या वेळात गुलाबांचे आणि बोगनवेलींचे संकर करत असे. उत्तर हिंदुस्थानच्या उन्हाला टिकतील असे कितीतरी गुलाब त्यांनी केले. कोडाईकनालचे विरू वीरराघवन यांनी बंगालच्या त्या पाणथळीतल्या रानगुलाबाचा आणि मणिपूरच्या राक्षसी गुलाबाचा उपयोग करून गरम हवेत तगणारे गुलाब तयार केले. म्हणजे जो गुलाब परका म्हणून काढायचा, त्याला इथल्या मातीत रुजवायला इथलेच रानगुलाब कामी आले.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "काकू, नाव गणपतीचं दिलं म्हणून फुलपाखराला फरक पडतो का?"

प्रश्न चांगला होता. मला आवडला. कारण त्याच्या बाजूनेही पुरावा आहे, आणि तो लपवणं इतिहासाच्या शिक्षिकेला शोभणार नाही. घाणेरीसुद्धा शोभेचं झुडूप म्हणूनच कलकत्त्याच्या बागेत आणली होती, १८०९ च्या सुमारास. आज देशभरची जंगलं तिने गिळली आहेत. आमच्या डोंगरउतारांवर रानमोडी माजली आहे, तीही अमेरिकेचीच. ऑस्ट्रेलियात तर बदकवेलीने वेगळाच घात केला. तिथली मोठी बर्डविंग फुलपाखरं तिच्या वासाला फसून आपल्या नेहमीच्या वेलीऐवजी हिच्या पानांवर अंडी घालतात, आणि अळ्या ती पानं खाऊन मरतात. आपल्याकडे त्याच कुळातली सापसंद ही देशी वेल आहे. 'कॉमन रोझ' नावाचं, म्हणजे नावाचं गुलाबच असलेलं फुलपाखरू तिच्यावर वाढतं. आमच्या मांडवावर सापसंद नाही. कालिदासाच्या काळापासून साहित्यात मिरवणारी माधवीलताही नाही. नाव मधुमालतीला दिलं आणि मूळच्या माधवीला, मालतीला विसरलो, असंही झालं आहे.

पण दुसरी बाजूही त्याला दाखवली, अगदी अंगणात नेऊन. कृष्णकमळाच्या पानांवर काटेरी अळ्या होत्या. त्या टॉनी कोस्टर या केशरी फुलपाखराच्या. हे फुलपाखरू इथलंच, पण त्याने या अमेरिकन वेलीला कधीच आपलं मानलं आहे. म्हणजे फुलपाखरालाही फरक पडतो आणि नाहीही पडत. ते पासपोर्ट बघत नाही, पान खाऊन बघतं!

मला जे वाटतं ते थोडक्यात सांगते. परक्या झाडाला तीन प्रश्न विचारावेत. कुंपण ओलांडून रानात घुसतं का? कुणाच्या पोटी लागतं का, पक्ष्याच्या, किड्याच्या, माणसाच्या? आणि घरात त्याला काही काम आहे का, पूजेत, औषधात, नाहीतर निदान नातवंडाला गोष्ट सांगण्यात? मूळ गाव विचारावं जरूर, पण ते माहितीसाठी. निकाल त्याच्यावर देऊ नये. गणेशवेल मीही कुंपणापलीकडे जाऊ देत नाही, बी पडायच्या आधी उरलेल्या शेंगा खुडते. पाहुण्याला मान द्यावा, पण कोठीघराची किल्ली देऊ नये.

आणि नावांचं म्हणाल तर, रवींद्रनाथांनी अमेरिकेतून आलेल्या निळ्या फुलांच्या एका वेलीला नीलमणिलता म्हटलं, ते सर्वांना ठाऊक आहे. पण गणेशवेल, संक्रांतवेल ही नावं ठेवणाऱ्या बायकांची नावं कुठेही नाहीत, दापोडीच्या चित्रकारासारखीच. त्यांना मेक्सिको कुठे आहे ते माहीत नव्हतं. त्यांना पंचांग माहीत होतं. वेल कधी फुलते ते त्यांनी पाहिलं आणि त्या तिथीला तिला जागा दिली. आम्ही इतिहासवाले आगमनाची तारीख शोधत बसतो. स्वीकाराची नोंद मात्र या नावांमध्ये आहे, तीही न पुसली जाणारी.

आमचं एकमत झालं आहे. नव्या अंगणात सापसंद येणार, माधवीलता येणार, जुई राहणार. गणेशवेल आणि कृष्णकमळ राहणार. संक्रांतवेल त्याच्या कुंपणावर जाईल. बोगनवेलीला जागा नाही, तिचा पसारा मोठा, हे मलाही मान्य आहे. गुलाबाचं जरा अवघड आहे. साठ-सत्तर वर्षांचा खोड झालेला एडवर्ड मुळासकट हलवला तर जगेलच असं नाही. शिवाय जोत्याची रेघ नेमकी त्याच्यावरून जाते.

म्हणून नातेवाईक मंडळींना आणि ओळखीच्या सर्वांना सांगणं. पाऊस स्थिरावला की मी त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या काड्या काढणार आहे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा, वर दोनच पानं ठेवायची, अर्धी काडी मातीत आणि कुंडी सावलीत. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. फुटवा दिसला म्हणून उपटून बघू नका, मुळं त्यानंतर येतात. बोगनवेलीच्याही काड्या मिळतील. जुईची दाबकलमं तयार आहेत. गणेशवेलीचं बी जुन्या पाकिटांत भरून ठेवलं आहे. ठाणे, पुणे, नाशिक, जिथे कुठे असाल तिथे कुंडीभर माती असली तरी पुरे. येताना ओलं फडकं आणा. लाँचने आलात तरी चालेल, मात्र समुद्र शांत असल्याची खात्री करून या, म्हणजे आमच्या सासूबाईंनाही चाललं असतं.